तेलातल्या पाण्याचं पद

चकलांब्याच्या शिवारात मेंढरं बसवून धुळाजी गावात मीठ आणायला गेला. पारावर टाळ वाजत होते आणि चार-पाच माणसं त्याचंच पद म्हणत होती. त्याला तिथं कोणी ओळखत नव्हतं.

देवापुढल्या दिव्यात, पाणी मिसळिले तेलात,
धुळा म्हणे ऐसे हात, देव कैसे सोसतो.

पुढं एक ओळ जास्तीची होती. ती धुळाजीची नव्हती. तीत त्याच्याच गावच्या भिवरा तेलिणीचं नाव घालून तिला शिवी दिली होती.

"हे पद म्हणू नका," धुळाजी म्हणाला. "खोटं हाय."

"तुला काय म्हाईत बे?"

"म्याच केलंय."

मंडळी हसली. टाळवाला म्हणाला, "मग तर लई चांगलं झालं. ये, बस. वरच्या सुरात म्हण."

धुळाजी मीठ न घेताच परतला. निजामी फसली सन १३२३ चा, म्हणजे १९१३ चा तो हिवाळा होता. पद करून दीड वर्ष झालं होतं आणि गेले चार महिने तो ते लोकांच्या तोंडून परत घ्यायला बघत होता.

धुळाजी धनगर वडवणीपासून दोन कोसांवरच्या गावचा. पावसाळ्यात घरी, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाला. अक्षरओळख नव्हती. पदं चालता चालता जुळायची आणि तो ती मुक्कामाच्या गावी म्हणायचा. लोक ऐकायला जमत, कारण तो देवाची स्तुती कमी आणि माणसांची झाडाझडती जास्त करी. आपलं नाव घालून देवापुढं म्हटलेलं पद म्हणजे गवाही, असं तो मानत असे. गावच्या भजनी मंडळींनाही तो हेच बजावायचा.

१९१२ च्या श्रावणात गावच्या मारुतीपुढला दिवा लागोपाठ चार दिवस सकाळी विझलेला सापडला. धुळाजीनं वात पेटवून पाहिली. ती तडतडली आणि विझली. तेलात पाणी होतं. दिव्याचं करडीचं तेल भिवराबाईच्या घाण्यावरून येई. नवरा वारल्यावर एका बैलावर ती घाणा चालवत होती आणि देवाचं तेल फुकट देत होती. धुळाजीनं तिला विचारलं नाही. एकादशीला पद म्हटलं. नाव घेतलं नव्हतं, पण गावात घाणा एकच होता.

हिवाळ्यात ते पद मेंढरांबरोबर गावोगाव गेलं. नेणारा धुळाजीच होता.

पुढच्या श्रावणात तो देवळात एकटा बसला असताना छताच्या दगडी सांध्यातून एक थेंब दिव्यात पडला. थोड्या वेळानं दुसरा. दिवा तडतडायला लागला. धुळाजी तसाच उठून पाटील सुंदररावांना घेऊन आला. पाटलांनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"म्हणजे मारुतीनंच पाणी घातलं म्हणतोस?"

"छत गळतंय, पाटील."

"गळतंय खरं. पण म्हणून तेलीण इमानदार ठरती का?"

सांधा चुन्यानं बुजवला. धुळाजीनं छताच्या गळतीवर नवं पद केलं. मंडळींनी ते एकदा म्हटलं आणि पुढच्या एकादशीला पुन्हा जुनंच धरलं. टाळकरी हरिबा त्याला म्हणाला, "छताला शिव्या देण्यात काय मजा हाय, धुळाजी? तेलिणीनं तुला तेल पाजलं असंबी लोक म्हणायलेत."

तोवर गाव वडवणीच्या बाजारातून तेल आणू लागलं होतं. भिवराबाईकडं येणारी करडी निम्म्यावर आली. धुळाजी तिच्याकडं गेला, थेंबाचं सांगितलं, पाया पडला. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मला म्हाईतच व्हतं. त्यांला सांग."

चकलांब्याहून परतल्यापासून धुळाजीची झोप उडाली. चालताना तो मध्येच थांबे, मेंढरं पुढं जात. बायको सारजाबाईनं विचारलं तर म्हणे, "लोकांला सांगितलं, छत गळतंय. त्यांनी मान हलवली. छताचा राग येत न्हाई कुणाला. त्यांला माणूस लागतो."

ज्येष्ठात तो घरी आला, तेव्हा भिवराबाई बैल विकायला काढण्याच्या बेतात होती. आषाढातल्या एकादशीला मारुतीपुढं मंडळी बसली. धुळाजी उभा राहिला आणि जुन्याच चालीवर म्हणाला:

पाणी ओतिले म्या हाती, तेलिणीची केली माती,
धुळा म्हणे हीच भक्ती, वरून टिळा लाविला.

टाळ थांबले. मग कोणीतरी हसलं. हरिबानं ओळ उचलली आणि सगळ्यांनी धरली.

भजन संपल्यावर पाटलांनी विचारलं, "खरं का रे हे?"

"देवापुढं म्हटलंय, पाटील."

"मग त्या छताचं काय?"

पाटलांनीच उत्तर काढलं. "म्हणजे छत नुसतं निमित्त. मला तवाच वाटलं व्हतं."

धुळाजीचे टाळ काढून घेतले. त्यानं देवळाच्या पायरीवर बसायचं, आत यायचं नाही, असं ठरलं. नवं पद आठ दिवसांत वडवणीच्या बाजारात पोचलं. जुनं पद म्हणणाऱ्याला लोक आता अडवू लागले, "ते न्हाई, चोराचं म्हण." श्रावण लागायच्या आत घाण्यावर करडीची पोती पुन्हा येऊ लागली. बैल राहिला.

भिवराबाई तेल ओतून देता देता चार गिऱ्हाइकांकडून ते पद ऐकून होती. एका सकाळी ती धुळाजीच्या मेंढवाड्यावर आली. तो मेंढराचा खूर कोरत होता.

"तू पाणी घातलं न्हाईस."

"न्हाई, भिवरामाय."

"मग देवापुढं खोटं कावून बोललास?"

"खरं कुणी म्हणंना."

"आन् मी आता काय करू? मला म्हाईत असून गप बसू? माझ्या नावावर खोटं केलंस, मला इचारलंस का? आधीबी न्हाई, आताबी न्हाई."

धुळाजीनं खूर सोडला. ती तिथून सरळ चावडीवर गेली आणि पाच माणसांसमोर म्हणाली की धुळाजी निर्दोष आहे, पाणी छतातूनच पडलं. पाटील कौतुकानं म्हणाले, "चोरालाबी पदराखाली घेतीस. लई मोठं मन हाय बाई तुझं." हरिबानं त्याच दिवशी दोन पोती करडी घाण्यावर टाकली.

भिवराबाई परत जाताना धुळाजीच्या दारात थांबली. "भली बाई झाले म्हणं मी," ती म्हणाली. "खरं बोलाया गेलते." आणि पुढं गेली.

धुळाजी देवळाच्या पायरीवरही बसायला गेला नाही. श्रावणभर तो रानात राहिला. खोटं बोललो त्याचं त्याला वाईट वाटत होतं की नाही, हे सारजाबाईलाही कळलं नाही. एकदा तो एवढंच म्हणाला होता की, देवाला छताचं ठाऊक आहे, तेव्हा देवाची फसवणूक झाली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, हे आपण आपल्यालाच सांगतोय.

दिवाळीनंतर त्यानं नेहमीपेक्षा आठ दिवस आधी मेंढरं हलवली. गोदाकाठच्या दोन मुक्कामांवर लोकांनी पद म्हणायचा आग्रह धरला. त्यानं घसा बसलाय म्हणून सांगितलं. पहाटे मेंढरांना घातलेली त्याची हाक नदीपलीकडं ऐकू जात होती.