मूळ शब्द पाठवा

बाबा गेल्यावर भेटायला येणारी माणसं त्यांच्याविषयी जे बोलत, ते मला फार गुळगुळीत वाटायचं. म्हणून मी त्यांचे कागद वाचायला घेतले. बाबा शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्याकडे हौशी रेडिओचा परवाना होता, आणि रेडिओवर आलेला प्रत्येक निरोप ते जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवत. त्यातल्या एका गठ्ठ्यावर ‘वणवा’ एवढंच लिहिलं आहे. त्या दिवशी मी घरी होते.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. कोकणात एक डोंगर पेटला होता. विजेचे खांब जळले आणि पाठोपाठ मोबाईलही बंद पडले. डोंगराच्या दोन्ही अंगांच्या गावांत बाबांसारखाच एकेक जण बॅटरीवर रेडिओ लावून बसला होता. नवल असं की, मध्ये डोंगर आल्यामुळे त्या दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नव्हतं. परळला आमच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र दोघेही स्वच्छ ऐकू येत होते. मग एक जण बाबांना सांगे आणि बाबा दुसऱ्याला. टँकर कुठल्या वाटेने आणायचा, ओल्या फांद्यांनी आग झोडपणारी माणसं कुठवर पोचली, कुठली वाडी रिकामी करायची. दोन-तीन कोसांवरचं बोलणं मुंबईला वळसा घालून जात होतं. हातातलं पुस्तक मिटून मी ऐकत बसले. जो आवाज डोंगर ओलांडत नाही तो इथवर येतो कसा, असं मी विचारलं. तो वर जाऊन आकाशातून परततो आणि जवळच्यांच्या डोक्यावरून निघून जातो, बाबा म्हणाले. बाकीचं नंतर सांगतो, असंही म्हणाले.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचे यजमान गावीच, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, दोन म्हशी घेऊन राहत होते. सकाळपासून त्यांचा फोन लागत नव्हता. तेवढी चौकशी करा, असं सांगून मावशी दारातच बसल्या. बाबांनी नाव लिहून घेतलं, पण विचारलं नाही. आधी आगीचे निरोप, मग घरगुती चौकशा, हा त्यांचा शिरस्ता होता. तासभर वाट पाहून मावशी म्हणाल्या, “मास्तरांनू, शाळा सुटली तरी तुमचो तास काय संपणा नाय.”

बाबा हसले नाहीत.

चारच्या सुमारास मावशींच्या चौकशीची पाळी आली. अर्ध्या तासाने उत्तरही आलं आणि बाबांनी ते वाचून दाखवलं: सुखरूप आहेत, काळजी नसावी. मी चहा टाकायला उठले. मावशी मात्र होत्या तिथेच बसून राहिल्या.

“ह्या त्याचा बोलणा न्हय,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्सांत सुखरूप हो शब्द त्याच्या तोंडातसून मी आयकाक नाय. खराच सांगा. गेलो काय तो?”

मला त्यांचा रागच आला, आणि मग मलाही त्यांचं खरं वाटू लागलं. बाबांनी मात्र त्यांना समजावलं नाही. आलेला निरोप आहे तसा, शब्द मोजून पुढे द्यायचा, ही या रेडिओवाल्यांची रीत. तिकडचा रेडिओवाला भला होता. मुंबईला जायचा निरोप म्हणून त्याने तो नीटनेटका केला असणार. बाबांनी बटण दाबलं.

“ही भाषा तुमची आहे. त्यांचे मूळ शब्द पाठवा. ओव्हर.”

तिकडचा माणूस ओशाळून म्हणाला की गावातल्या माणसांना शाळेत बसवलंय, तिथे जाऊन पुन्हा विचारावं लागेल. तोवर टँकरचे दोन निरोप गेले. मावशी जमिनीकडे बघत होत्या.

मग शब्द एकेक करून आले. बाबांनी लिहिले, मोजले, एकवीस भरले, तिकडून खात्री करून घेतली. आणि ‘न’ ‘ण’ची चूक कधी खपवून न घेणारे माझे बाबा, वर्गातल्या त्यांच्या आवाजात, प्रत्येक वाक्यानंतर थांबत वाचू लागले:

“माका काय जावक नाय. गोठो जळलो, म्हशी मी आदीच सोडलंय. तू गाडी पकडून येव नको. हयसर धूर आसा, तुझो खोकलो वाढतलो.”

मावशींनी ते पुन्हा वाचायला लावलं. खोकल्यापाशी त्यांना हसू फुटलं आणि मग बराच वेळ त्या पदराने तोंड पुसत राहिल्या.

“ह्यो तोच,” त्या म्हणाल्या. “येव नको म्हणता. जित्तो आसा, तर आता जावन भांडतंय.”

काही उत्तर द्यायचंय का, बाबांनी विचारलं. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि उत्तर सांगून जिना उतरू लागल्या. तो कागद या गठ्ठ्यात आहे. बाबांच्या अक्षरात ‘मी येतंय’, आणि खाली, शब्द : दोन. डोंगरापलीकडच्या त्या माणसाने ते दोन शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. या खेपेला त्याने त्यात काहीही घातलं नाही.