उकिरड्यावर गेलेली बुरशी

सोनगीरजवळच्या गावात माझ्या आत्याची विहीर आहे. आत्याला सगळे अक्काच म्हणतात. शेजारी लोखंडाला क्रोमियमचा मुलामा देणारा प्लेटिंगचा कारखाना आहे; त्याचं पाणी नाल्यातून झिरपत विहिरीत आलं, पाणी पिवळं पडलं, आणि अक्काच्या मुलाने विहीर बुजवायचं ठरवलं. घाण करणारा मोकळा आणि शिक्षा विहिरीला! मी भांडभांड भांडले. दिवाळीपर्यंत तरी थांब, असं त्याला म्हणाले.

मी देवपूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नाल्याच्या गाळात दुसरं काही जगत नव्हतं, एक बुरशी मात्र मजेत होती. असल्या निर्लज्ज जिवांवर माझं प्रेम आहे. ती मी कॉलेजात वाढवली, केळीच्या खांबाच्या तुकड्यांवर रुजवली, ते तुकडे अक्काच्या अंगणातल्या पिंपात भरले आणि विहिरीचं पाणी त्यातून सोडलं. कॉलेजात तपासलं तर क्रोमियम पुष्कळ कमी झालं होतं. पाणी पिण्याजोगं नव्हतं, पण बुरशी धातू धरत होती, हे नक्की.

रविवारी ही बातमी घेऊन गेले, तर पिंप राखेने घासून उन्हात पालथं घातलेलं.

"बुरशी लागनी का बठ्ठं वाया जास, माय," अक्का म्हणाली. "उकिरडावर टाकी दिन्हं."

बुरशीने सगळं नासतं हे तिचं म्हणणं, पण आमच्याकडे नासलेलंही वाया घालवत नाहीत. घरातलं उकिरड्यावर, उकिरड्यावरचं वावरात. माझा संताप झाला.

"अगं, पाण्यातलं विष आता त्या बुरशीत आहे! तेच तू वावरात पेरणार!"

मग अक्कानेच फावडं उचललं. माझे रबरी हातमोजे तिने नाक मुरडत घातले आणि तुकडे आसपासच्या खतासकट उकरून पिंपात भरले.

झाकण लावतोय तोच माझ्या प्रयोगाची खबर लागलेले कारखान्याचे मालक बघायला आले. म्हणाले, "झकास, मॅडम! आता आम्ही पाणी सोडलं तरी तुमची बुरशी आहेच."

आयत्या बिळावर नागोबा!

अक्काने मुलाला हाक मारली. विहिरीत माती टाकायला आणलेली ट्रॉली दारात रिकामीच उभी होती. तिच्यात पिंप चढवलं आणि आम्ही थेट कारखान्याच्या ऑफिससमोर उतरवलं.

"भाऊ, हाऊ तुनाच माल शे," अक्का मालकांना म्हणाली. "आते तूच संभाळ."

रिकामी ट्रॉली घेऊन आम्ही परतलो. विहीर बुजवायची माती भरायला त्यानंतर तिला कोणी नेलं नाही.