झाकण घट्ट होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही — घरात एकटी असताना, दादाच्या फोटोलासुद्धा नाही. लिहायला बसते आणि दोन ओळींवर थांबते. आज थांबत नाही.

रक्तद्रवातले मॅग्नेशियम मी मोजत असे. एकूण किती, आणि त्यातले मोकळे किती — हे दोन वेगळे आकडे. काही भाग प्रथिनांना धरून असतो. शरीराच्या कामी येते ते मोकळे. एकूण ठीक असूनही मोकळे कमी असू शकते. मात्र नळीत हवा शिरली तर मोकळ्याचा आकडा उगाच खाली येतो. म्हणून झाकणाला आम्ही फार जपायचो.

माझ्या प्रबंधाला निरोगी माणसे हवी होती. मी ओळखीतलीच घेतली, तब्येत बरी ना एवढेच विचारून. दादा पालीहून पहिल्या एसटीने रत्नागिरीला आला, उपाशीपोटी. बाही वर करत म्हणाला, "काय गो, थोडं माझ्यासाठी पण ठेवशील ना?" सुई काढल्यावर सहज बोलला — हल्ली पोटऱ्या वळतात, मध्येच छातीत धडधडते.

त्याचा एकूण आकडा बरोबर आला. मोकळा — फार कमी. पोटऱ्या वळणे, धडधडणे त्यानेच होते.

काय करायला हवे होते, हे मला कळत नव्हते का? पण तो आकडा दाखवला असता तर माझ्या मार्गदर्शक सरांनी, मी निरोगी म्हणून घेतलेल्या सगळ्यांचीच पुन्हा तपासणी करायला लावली असती, आणि प्रबंधाची मुदत तोंडावर आली होती. मी नोंदवहीत लिहिले — झाकण सैल राहिले, नमुना बाद. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "स्वतःची चूक अशी लिहायला धीर लागतो."

झाकण घट्ट होते. मीच लावले होते, मीच उघडले. न केलेली लहान चूक कबूल करून मी प्रामाणिक ठरले.

दादाचा फोन आला — "काय निघालं गो?" मी म्हटले, सगळं ठीक आहे.

वर्षाच्या आत तो गेला. बागेत काम करता करता हृदय थांबले. त्याच कारणाने? ठाऊक नाही — आणि या ठाऊक नसण्याच्या आड मी किती वर्षे बसून आहे.

वहिनी अजून म्हणतात, "वन्सं, तुम्ही तपासलं होतंत ते बरं झालं. नाहीतर वाटत राहिलं असतं, आपणच हयगय केली."

मी हो म्हणते. दरवेळी म्हणते.