वाटून राहिलं

प्रेमिला माझी शेजारीण. मनीषनगरात आमच्या घरांची भिंत एकच. तिचं माहेर-सासर दोन्ही नरखेड तालुक्यातलं, पण अठरा वर्षांपासून इथेच ब्लाउज शिवते. फिटिंग बिघडली तर गिऱ्हाईकालाच ऐकवणारी, "तुमचा खांदाच वाकडा हाये बाई, मी काय करू?" अशी ही बोलकी बाई तीन आठवडे मशीनला हात लावत नव्हती. मला वाटलं, थकली असेल. खरं म्हणजे तिथेच माझं चुकलं.

मंगळवारी सकाळी मी देवाला फुलं वाहत होते, तर ही दारात उभी. केस न विंचरलेले, ओठ कोरडे.

"काकू, मले मरावंसं वाटून राहिलं."

पूजा तशीच ठेवून मी तिला आत बसवलं. तिचा नवरा मधुकरराव मोसंबीच्या तोडीसाठी गावी गेला होता. त्याला फोन लावला, तर म्हणतो, "तिले म्हणा, थोडं देवाचं करत जाय."

"देवाचं मी रोज करते," मी म्हटलं. "डॉक्टरचं काम देवाच्या अंगावर टाकू नका. पहिल्या बसनं निघा."

मग मदतीचा म्हणून जो नंबर सांगतात तो लावला. आधी भाषा निवडा, मग बटण दाबा, मग बासरी ऐका. फोन स्पीकरवर टाकून सात मिनिटं बासरी ऐकली. शेवटी एक मुलगी आली. गोड आवाजात म्हणाली, "ताई, आपण या क्षणी सुरक्षित आहात का?"

प्रेमिलानं दाराकडे पाहिलं. "हो. कडी लावली हाये."

"छान. जवळच्या रुग्णालयात दाखवून घ्या." फोन बंद. मी कपाळावर हात मारला.

ऑटो करून सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसानं वर न बघता विचारलं, "कायचा त्रास?"

प्रेमिला हळूच बोलली.

"जोरानं बोला ना बाई!"

ती जोरानं बोलली. मागची अख्खी लाईन आमच्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "पंधरा नंबरची खोली." पंधरा नंबरवाले म्हणाले, आधी बीपी. बीपीवाले म्हणाले, छातीत धडधडतं तर आधी छातीची ईसीजीची पट्टी काढा. पट्टीवाल्यानं पुन्हा पंधरा नंबर दाखवला. प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, आणि हिनं प्रत्येकाला सांगायचं. पाचव्या वेळी ती माझा हात धरून म्हणाली, "काकू, आता तुमीच सांगा. माह्या तोंडात ते शब्द शिळे झाले."

मी सांगायला पुढे झाले, तर दारावरचा शिपाई म्हणाला, "नातेवाईक आहे का? नाही ना? मग बाहेर बसा."

बाहेर बाकावर मनातल्या मनात रामरक्षा म्हणत बसले. ती अर्धीही झाली नव्हती, तोवर प्रेमिला कागद घेऊन बाहेर आली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"छान म्हटलं."

"छान?"

"मी म्हटलं, मले मरावंसं वाटून राहिलं. तो म्हणे, राहिलं ना? छान. गोळ्या घ्या, पंधरा दिवसानं या." आणि ती जिन्याकडे चालायला लागली. मागे न बघता.

कागद इंग्रजीत, त्यातून डॉक्टरी अक्षर. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, मला काय कळणार? समोरून एक सिस्टर येत होत्या, छातीवर नाव गोपिका. एका हातानं प्रेमिलाचा पदर धरून दुसऱ्या हातानं मी त्यांच्यासमोर कागद धरला. त्यांनी वाचला आणि त्या थांबल्या.

"यात लिहिलंय, मरणाचे विचार आधी होते, आता थांबले."

"कुठे थांबले? आत्ता सकाळी तर बोलली!"

सिस्टरांनी प्रेमिलालाच विचारलं, "काय म्हटलं तुमी त्याईले?" तिनं सांगितलं. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. "अरे देवा. डॉक्टर सांगलीचे आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिकडे जेवायचं राहिलं म्हणजे झालंच नाही, सुटलं. आपल्याकडे जेवून राहिलो म्हणजे घास तोंडातच आहे. 'राहिलं' या एवढ्याशा शब्दावर हिला घरी पाठवत होते!

परत गेलो, तर शिपाई हातात कुलूप घेऊन दार लोटत होता. "ओपीडी संपली. उद्या या."

"उद्या कोणाला आणू?" मी ओरडलेच. आयुष्यात दवाखान्यात आवाज चढवला नव्हता. गोपिका सिस्टरांनी त्याच्या हातातलं कुलूप काढून घेतलं आणि दार ढकललं.

डॉक्टर पोरसवदा होता, डबा उघडून बसलेला. सिस्टरांनी शब्दाचा अर्थ सांगितला, तसा त्याचा चेहरा उतरला. डबा बाजूला सारून त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"ताई, मी चुकीचं समजलो. आत्ता, इथे बसल्या बसल्या, मरावंसं वाटतंय?"

"हो."

"कसं करायचं, ते ठरवलंय?"

प्रेमिला फरशीकडे बघत म्हणाली, "हो."

हे मला ठाऊक नव्हतं. भिंतीला भिंत असून ठाऊक नव्हतं.

"मग आज मी तुम्हाला घरी सोडणार नाही," तो म्हणाला. "चालेल?"

तिनं मान डोलावली.

बायकांच्या वॉर्डात नवं रजिस्टर, नव्या सिस्टर. "हं, काय त्रास होतो?" प्रेमिलानं माझ्याकडे असं पाहिलं की मला रडू आलं. पण डॉक्टर सोबत आला होता. म्हणाला, "त्यांना विचारू नका. मी सांगतो, तुम्ही लिहा."

बांगड्या, पिना काढून घेतल्या, गोळी दिली. दुपारी चारच्या सुमारास तिचा डोळा लागला, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. मी ती काढून खाटेखाली ठेवली आणि मधुकररावाला पुन्हा फोन लावला.

"बसमध्येच हावो," तो म्हणाला. "काटोल आलं."

काटोल म्हणजे त्याच्या गावापासून जेमतेम तासाभरावर. सकाळी निघा म्हटलं होतं!