मोजणीवाल्या नवसूचे सात दाणे

पोशेऱ्याचा नवसू वाटेने जाताना बोलत नसे. त्याला हाक मारली तर तो हात वर करून थांबायला सांगे आणि आणखी दहा-बारा पावले टाकून मगच वळे. लोकांना हे ठाऊक होते. नवसू पावले मोजत असे. आपल्या घरापासून ओढ्यापर्यंत चारशे बारा, ओढ्यापासून मोखाड्याच्या वाटेवरच्या मोठ्या उंबरापर्यंत दोन हजार आणि वर सहासष्ट. "सहासष्ट कशाला, दोन हजारच म्हण की," असे कोणी म्हटले तर त्याला खरोखर वाईट वाटे.

ही सवय त्याला जव्हार संस्थानच्या मोजणीखात्यात लागली. पंधराव्या वर्षी तो साखळी ओढायला गेला. दोन टोकांना दोन माणसे, मधे लोखंडी कड्यांची साखळी, आणि डोंगर चढताना ती ताठ धरायची. खात्याचे मुख्य मोजणीकामगार सुळे यांनी पाहिले, की हा पोरगा साखळी नुसती ओढत नाही, आकडेही तोंडपाठ म्हणतो. त्यांनी त्याला आधी अक्षर शिकवले, मग काटकोन साधायचा शंकू, मग तिवईवर पाटी ठेवून जागच्या जागी नकाशा काढायचे फलकयंत्र. तिशीला येईतो नवसू स्वतः मोजणीदार झाला होता. डोंगरपाड्यावरच्या घरातून मोजणीदार झालेला तो पहिलाच.

पण चांगले काम एक दिवस संपते. सन १९११ च्या दिवाळीनंतर सुळे त्याला म्हणाले, "नवसू, संस्थान मोजून झालं. चैत्रापासून खात्यात दोनच माणसं ठेवायचा हुकूम आहे, आणि ती दोघं तुझ्याआधीची."

"मग मी काय करू, साहेब?"

"शेत आहे ना तुझं?"

"शेत हाय. मोजून झालंय ते."

सुळे हसले, पण रात्रभर त्यांच्या मनातून ते उत्तर गेले नाही. आठवड्याने त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्राचा एक तुकडा नवसूपुढे ठेवला. आफ्रिकेत मोंबासा बंदरापासून आत जाणाऱ्या एका नव्या रेल्वेफाट्यासाठी मोजणीदार हवे होते. अर्जासोबत स्वतः काढलेला एक नकाशा पाठवायचा होता.

नवसूने एक गोष्ट आधीच ठरवली होती. घाटाखालचे काही लोक ठेकेदाराच्या शब्दावर बोटीत बसून गेले होते आणि तिकडे उतरल्यावर काम शोधत फिरले होते. "साहेब, काम हातात आलं तर जाईन. तिकडं जाऊन हात पसरणार नाय," तो म्हणाला. सुळ्यांनी इंग्रजीत अर्ज लिहिला. नकाशा नवसूने पोशेऱ्याचाच काढला. घरे, ओढा, बांध, खाचरे सगळे आले. शिवाय प्रत्येक आंब्याचे झाड आले, आणि झाडाशेजारी त्याचे नावही आले. शेपट्या, खोबऱ्या, म्हातारीचा.

"अरे, आंब्यांची नावं कशाला?" सुळ्यांनी कपाळाला हात लावला.

"गावात ईचारलं तर लोक तीच सांगतील ना. मग नकाशानं नको सांगायला?"

पौषात उत्तर आले. नवसू पत्र घ्यायला पहाटे निघून जव्हारला पोचला. सुळ्यांनी उभ्यानेच पाकीट फोडले आणि मोठ्याने वाचले. तीन वर्षांचा करार, बोटीचे भाडे, कुटुंबासह राहायला चाळीत खोली. खाली तिथल्या रेल्वेच्या साहेबाने लिहिले होते, की ज्याने झाडांची नावेसुद्धा सोडली नाहीत तो माणूस आम्हाला पाहिजे. मात्र परतीच्या टपालाने होकार यावा, नाहीतर जागा दुसऱ्यास दिली जाईल. आणि अगदी कडेला मोडी अक्षरात वेगळ्याच हाताची एक ओळ होती. "येताना लोणचे आणावे. येथे सर्व मिळते, लोणचे मिळत नाही. दामोदर चुरी, हेडक्लार्क, मूळ वसई."

नवसू उड्या मारत घरी आला. त्या दिवशी त्याने पावले मोजली नाहीत.

घरात दोघीजणी. बायको रखमी आणि आई कोंडी. रखमीने दोनच प्रश्न विचारले. "तिथं नाचणी पिकते का?" आणि "जायचं कवा?" पोशेऱ्याच्या पलीकडे तिने फक्त मोखाड्याचा बाजार पाहिला होता. पण नवरा महिनोन्‌महिने डोंगर मोजत हिंडायचा, आणि आता आपणही त्याच्यासोबत हिंडणार, याचाच तिला आनंद.

कोंडी मात्र सुपात तांदूळ पाखडत राहिली. पाखडणे संपल्यावर म्हणाली, "काम मिळालं, चांगलं झालं. जागेनं घेतलं का तुम्हांला?"

"आई, साहेबानं घेतलं."

"साहेब मेला तर दुसरा येईल. जागा तीच ऱ्हाईल. दाणे बसवले का कुणी?"

डोंगरपाड्यावर नवे घर बांधायचे तर आधी दाणे बसवतात. तिन्हीसांजेला जागा शेणाने सारवायची. घरच्या नव्या तांदळाचे सात अखंड दाणे घ्यायचे. तीन जोड्या आणि मधे एक एकटा, असे मांडायचे. सकाळी उठल्यावर कोणाशीही न बोलता जाऊन बघायचे. जोड्या जोडीनेच राहिल्या तर जागेने माणसांना घेतले. फुटल्या तर दुसरी जागा शोधायची. कोंडीच्या माहेरचा पाडा तिच्या लहानपणी दाणे न बसवताच ओढ्यापलीकडे हलवला होता. दोन पावसाळे सगळे तापाने फणफणले आणि मग घरे उचलून परत जुन्या जागी आले. तिची धाकटी बहीण त्यात गेली. म्हणून या बाबतीत कोंडीशी कोणी वाद घालत नसे.

"अगं पण मधे समुद्र हाय," नवसू म्हणाला.

"मग कागुद समुद्र वलांडून कसा आला? तसेच दाणेबी जातील."

दुसऱ्या दिवशी रखमी ओढ्यावर भांडी घासत होती, तिथे नवसू जाऊन बसला. "मी असं करतो," तो हळूच म्हणाला. "होकार धाडतो. महिन्यानं एक कागुद काढून आईला वाचून दावतो. जोड्या बसल्या म्हणून. तिला वाचता कुठं येतं?"

रखमीने हातातले भांडे खाली ठेवले. "मागं एका शेतकऱ्यानं तुला कोंबडा देऊ केलता. बांधाचा दगड दोन हात सरकव म्हणाला. तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, कोंबडा खाईन पण दगड सरकायचा नाय."

"कोंबडा खाल्लास का?"

"त्यानं दिलाच नाय मग."

"मग आता आईचा दगड कसा सरकवतोस?" रखमी म्हणाली आणि पुन्हा भांडी घासू लागली.

नवसू सात दाणे कापडात बांधून जव्हारला गेला. सुळे आधी हसले, मग रागावले, मग खुर्चीत मागे टेकून बसले. "होकार पाठवायच्या जागी तांदूळ पाठवतोस? अरे, ते तुला वेड्यात काढतील. जागा जाईल हातची!"

"जाईल, साहेब. पण आईची मान हलल्याबिगर मी होकार दिला, तर तो होकार खोटा. खोटं टिपण मी आजवर लिवलं नाय."

हे सुळ्यांनीच त्याला शिकवलेले होते. त्यांनी साहेबाला इंग्रजीत लिहिले, की उमेदवार राजी आहे, घरच्या एका कारणाने पक्का होकार पुढच्या टपालाने देईल, जागा तोवर राखावी अशी विनंती. चुरींना नवसूने स्वतः मराठीत लिहिले. चाळीमागच्या जमिनीवर दाणे कसे मांडायचे, सकाळी कसे मुक्याने बघायचे, आणि जे दिसेल ते जसेच्या तसे कळवायचे. शेवटी रखमीचा नाचणीचा प्रश्नही घातला. सात दाणे कागदाच्या घडीत चिकटवले. पाकीट गेले.

त्यानंतरचे सहा आठवडे नवसूला फार जड गेले. उत्तर यायच्या आत जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असेल, असे त्याला रोज सकाळी वाटे, आणि संध्याकाळपर्यंत नसेल असे वाटे. गावातले लोक चेष्टा करत. शेजारचा काळ्या बांधावरून ओरडे, "काय रं मोजणीवाल्या, तुझ्या तांदळाला कोंब आलं का तिकडं?" रखमी आतून उत्तर देई, "आलं की! लावणीला तुलाच बोलावलंय!" कोंडीने एकदाच विचारले, "नकार आला तर माझ्यावर रागावशील का?" नवसू म्हणाला, "रागावीन. पण चार दिवस." तेवढ्याने तिचे समाधान झाले.

फाल्गुनात सुळ्यांचा माणूस जाडजूड पाकीट घेऊन पोशेऱ्याला आला. नवसू ओटीवर बसला. एका बाजूला आई, एका बाजूला रखमी, आणि अंगणात काळ्यासकट निम्मा पाडा. नवसूने वाचायला सुरुवात केली.

"रा. रा. नवसू यांस दामोदर चुरी यांचा नमस्कार. आपले दाणे पोचले. मी जातीने जागा सारवली व सांगितल्याप्रमाणे मांडणी केली. सकाळी पाहतो तो एकही दाणा नाही. कोंबड्यांनी खाल्ले. दाणे झाकावेत की काय, ते आपण लिहिले नव्हते."

अंगणात हशा पिकला. कोंडीने कपाळावर हात मारला. "अरे येड्या, टोपली पालथी घालायची लिवलं नाय?"

"ते काय लिवायचं? सगळ्यांना ठाऊकच असतं!" नवसू म्हणाला. आयुष्यभर काही न सोडणाऱ्या माणसाने नेमकी टोपली सोडली होती. त्याने पुढे वाचले.

"आपले दाणे संपल्याने माझ्या घरून आलेल्या वसईच्या तांदळातले सात घेतले. चालत नसल्यास क्षमा असावी."

सगळ्यांनी कोंडीकडे पाहिले. "वसईचा तर वसईचा. शेजारचाच हाय," ती म्हणाली. "वाच."

"दुसऱ्या सकाळी मुक्याने निघालो, तो वाटेत साहेब भेटले व सुप्रभात म्हणाले. मी बोललो नाही. त्यांनी पुन्हा म्हटले. मी घशाकडे बोट दाखवले. साहेबांना वाटले घसा सुजला. त्यांनी डॉक्टरला बोलावले व डॉक्टरने तिथेच माझा जबडा उघडून चमचा घातला. तेव्हा ओरडावे लागले. त्यामुळे ती सकाळ बाद धरली आणि दाणे पाहिले नाहीत."

काळ्या अंगणात बसलेलाच लोळू लागला. रखमीने तोंडाला पदर लावला. नवसू हसत नव्हता. आता साहेबाला सगळे कळले असणार होते.

"मग साहेबांस सर्व सांगणे भाग पडले. ते म्हणाले, उमेदवाराने कामाला अट घातली काय? मी म्हटले, अट नाही, तो मोजणीदार आहे, जमिनीवर पाय ठेवण्याआधी ती मोजून घेतो. संध्याकाळी साहेब स्वतः आले, नव्याने केलेली मांडणी पाहिली आणि कोंबड्या येऊ नयेत म्हणून आपली टोपी काढून दाण्यांवर पालथी घातली. तिसऱ्या सकाळी आम्ही दोघेही मुक्याने गेलो. तीनही जोड्या जागच्या जागी होत्या. मधला एकटा दाणा मात्र सरकला होता. पट्टीने मोजले. पूर्वेकडे पाऊण इंच. जसे दिसले तसे कळवले आहे. साहेबांनी जागा आपल्यासाठी एप्रिलपर्यंत राखली आहे. येथील लोकही नाचणी खातात, नाव निराळे आहे."

नवसूने कागद खाली ठेवला. जागा राखलेली होती. साहेब हसला नव्हता. पण मधला दाणा सरकला होता, आणि मधला दाणा म्हणजे घरचा कर्ता. अंगणातले हसू थांबले. जाणती माणसे एकमेकांकडे बघू लागली.

कोंडीने विचारले, "साहेबाच्या टोपीनं ढकलला असंल का?"

"नाय," नवसू म्हणाला. खरे तर त्याला हो म्हणता आले असते. "टोपीनं ढकलला असता तर जोड्याबी हलल्या असत्या."

"किती सरकला म्हणालास?"

नवसूने अंगठ्याच्या पेराने दाखवले.

कोंडीने ते पेर नीट पाहिले आणि हसायला लागली. तिला असे हसताना नवसूने फार वर्षांत पाहिले नव्हते. "अरे, मोजणीवाल्याचा दाणा तो! तो एका जागी बसला तर त्याला पगार कोण दील? जोड्या बसल्यात ना? घर बसलं. तू हिंड आपला. घर जाग्यावर ऱ्हाईल." मग तिने पदराने डोळे पुसले. "आणि तो चुरी. सगळे दाणे जागच्या जागी असं लिवलं असतं तर मला काय कळणार होतं? तोंडात चमचा घालून घेतला पण खोटं नाय बोलला. असली माणसं हायत तिथं तर जा."

"आई, तूबी चल ना," रखमी म्हणाली. "खोली मोठी हाय म्हणतात."

"मी कशाला? माझे दाणे इथं कवाच बसलेत. आणि मी गेले तर ह्या काळ्याला शिव्या कोण दील?" कोंडी उठली आणि सूप घेऊन आत जाऊ लागली. उंबऱ्यातून वळून म्हणाली, "बसून नको राहूस. होळी आठ दिसांवर आली. सुळे साहेबाला होकार सांगून ये. आणि जाताना पावलं मोज, नायतर तिथं गेल्यावर विसरशील."

नवसूने पायात वहाणा सरकवल्या आणि जव्हारच्या वाटेला लागला. काळ्याने मागून दोन हाका मारल्या. त्याने हात वर करून त्याला थांबवले.