पदर खोचलेला शब्द

इंग्लंडात, वॉटफर्डला आमच्या शेजारी एक निवृत्त मराठी डॉक्टर राहतात. शब्दांची कुळं सांगायचा त्यांना भारी नाद. कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला गेलो की कुंपणापलीकडून हाक येणारच, आणि मग घरात माझा चहा गार.

एकदा मी चुकून बोलून गेलो, "डॉक्टर, मॅनेजर म्हणतो, ईमेल सक्सिंक्ट लिही."

"म्हणजे काय, माहितीय?"

"थोडक्यात."

"तो झाला अर्थ. मूळ लॅटिन. कपडे वर खोचून कंबर कसलेला. आपल्या बायका कामाला लागताना पदर खोचतात ना, तसं. पायात लोळणारं काही ठेवायचं नाही!"

एवढ्यावर थांबले असते तर! पुढे रोमन लोकांचे झगे आले, पट्टे आले, शेवटी पाऊस आला, तरी माणूस हलेना.

मग एका शनिवारी दुपारी बायकोला थंडी वाजून ताप भरला, ती बरळायला लागली. डॉक्टर आमच्याबरोबर हॉस्पिटलात आले. तिथल्या नर्सला मी घाबरून सकाळच्या नाश्त्यापासून सगळं सांगत सुटलो. डॉक्टरांनी मला बाजूला केलं आणि तिला म्हणाले,

"सेप्सिस वाटतंय. पेनिसिलिन चालत नाही. आत्ता बघा."

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतणं; बायकोला लगेच आत नेलं. तिला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हे मी साफ विसरलो होतो. तिनंच ते त्यांना कधीतरी गप्पांत सांगितलं होतं.

ती बरी होऊन घरी आली. डॉक्टर तिला भेटायला आले आणि 'अँटिबायोटिक' या शब्दावर अंधार पडेपर्यंत बोलले. मी दातओठ खात त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकला.