वहिनी माहेरी गेल्यात

दीड महिना झाला. लातूरच्या आमच्या तेलाच्या दुकानात एक बाई विचारत होती, "वैनी हायत का?" मी सवयीनं म्हणालो, "माहेरी गेल्यात." त्या दिवशी ते खरं होतं. बाई वळते न वळते तोच वहिनीचा भाचा निरोप घेऊन पायरी चढून आला. नांदेडला, माहेरच्या घरात, वहिनी पहाटेच गेली होती...

निजामी अमदानीच्या शेवटच्या वर्षांत दादानं आणि मी हे दुकान टाकलं. तेल वहिनीच्या हातचं. माका, जास्वंद, तिळाचं तेल. बाजारात तेलं पुष्कळ होती, म्हणून मी आमच्या तेलाला एक कहाणी दिली. लेबलावर मराठीत आणि उर्दूत छापून घेतलं की लातूरच्या वहिनींचे केस गुडघ्याला टेकतात, ते याच तेलानं. तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. केस बघायला पार मुखेड-नायगावहून बायका यायच्या. पण परत यायच्या त्या वहिनीच्या बोटांसाठी, हे मला फार उशिरा कळलं. ती बाईला पाटावर बसवायची, पदर मागं सारायची, तेल चोळता चोळता तिच्या सासरचं सगळं ऐकून घ्यायची. एखादीला तर सरळ सांगायची, तुला तेल नको गं, झोप पाहिजे. मी चिडलो की म्हणायची, "बाटली न्हाई नेली तरी बाई परत येती, भावजी."

मग तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण केस मुठीमुठीनं गळाले. घरातल्यांना तिच्या जिवाचा घोर होता. मला, आता खरंच सांगतो, लेबलाचा होता. मी गंगावन आणून दिलं. ती म्हणाली, "तापानं गेलेत, तेलानं न्हाई. तसंच सांगू की." मी ऐकलं नाही. उसना अंबाडा घालून तिला पाटाशी बसवलं.

एक दिवस मुखेडची एक सून आली. तीही तापातून उठलेली, डोक्यावरचा पदर सोडेना. वहिनीनं भर दुकानात गंगावन काढलं आणि तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "माझंबी गेलं. येतंय बघ पुन्हा." ती आधी रडली, मग दोघी हसत सुटल्या. मी मात्र बाकीच्या गिऱ्हाइकांची तोंडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात पडदा लागला. वहिनी पाटासकट पडद्याआड, बाटल्या भरायला. कुणी विचारलं तर माहेरी गेल्यात. दादानं मला अडवलं नाही. तिचे केस खांद्यापर्यंत आले, निजामाचं राज्य गेलं, पडदा राहिला. सणालासुद्धा तिला खरोखरच्या माहेरी मी पाठवलं नाही. तेल कोण करणार? एकदा आतून आवाज आला, "भावजी, माझ्या माहेरचा एखादा निरोप तरी सांगा मला." मी हसलो होतो... शेवटी आजारपणानंच ती नांदेडला गेली.

परवा पडदा काढला. पाट बाहेर आणून ठेवला. मधोमध झिजलेला आहे तो. दुपारी एक म्हातारी आली, विचारलंसुद्धा नाही, पाटावर बसली, पदर मागं सारला आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "वैनी येईस्तवर बसते हितंच."

मी तोंड उघडलं. तिथं तेच दोन शब्द होते.